उंच गाडीला पाण्याचा वास येत होता

मी एक जुनी, बुटकी मोटार आहे. माझ्या जातीला सेडान म्हणतात. पुढे इंजीन, मध्ये माणसं आणि मागे डिकी, एवढाच माझा साधा संसार. माझं मागचं एक दार बाकीच्या अंगाशी रंगाने जुळत नाही, कारण ते मुळात दुसऱ्याच कुणाचं आहे. मित्रांनो, मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे, पण ती माझ्या एकटीची नाही. आमच्या अंगणात माझ्या शेजारी एक उंच गाडी येऊन उभी राहिली होती, तिचीही ती गोष्ट आहे. ती आता इथे नाही. कुठे आहे ते मला ठाऊक नाही, आणि त्याचाच मला घोर लागला आहे.

माझा जन्म जर्मनीतला. तिथलं फारसं आठवत नाही. कुणीतरी मला विकलं, कुणीतरी लांबलचक ट्रकवर चढवलं आणि मी किर्गिझ मुलखात आले. दोलोन घाटाच्या पायथ्याच्या एका गावात मला घर मिळालं. तिथल्या म्हाताऱ्या धन्याने माझ्याकडून काय काय करून घेतलं म्हणून सांगू? डिकीत मेंढ्या नेल्या, बटाट्याची पोती नेली. उन्हाळ्यात कुरणावर जाताना टपावर यूर्तचे, म्हणजे मेंढपाळांच्या गोल तंबूचे, वासे बांधले. मी कधी कुरकुरले नाही. त्याच्या मुलाची, कुबातची बायको बुरूल हिला लग्नात मीच घरी आणलं. माझ्या नाकाला तेव्हा लाल रिबीन बांधली होती आणि मला फार मिरवावंसं वाटत होतं.

म्हातारा गेला आणि मी बुरूलच्या हाती आले. ती खाली कोच्कोरच्या दवाखान्यात नर्स आहे. रोज सकाळी ती मुलीला, अदेमीला, मागे बसवायची, शाळेच्या दारात सोडायची आणि पुढे कामावर जायची. बुरूल गाडी हळू हाकते. उतारावर गिअर कमी करते, ब्रेकवर उगाच पाय ठेवत नाही. इतक्या वर्षांत तिने माझं इंजीन एकदाही कोकलायला लावलं नाही. असा चालक मिळायला नशीब लागतं.

पण मी बुटकी आहे हे खरंच. बर्फ पडला की माझं पोट घासायचं. पाहुणे आले की मागे मांडीला मांडी लावून बसावं लागायचं. कुबातच्या मनात उंच गाडी घोळत होती आणि त्यात भर घालायला त्याचे मामा होते. जेक्शेन मामा दांडगा माणूस, आवाजही तसाच.

"कुबात, तुझ्या या गाडीत बसणं म्हणजे विहिरीत उतरणं आहे," ते माझ्यातून बाहेर पडताना धापा टाकत म्हणायचे. "माणसाने रस्त्याकडे कसं, वरून बघावं. क्रॉसओव्हर घे. गावात मान वाढेल."

"विहिरीला कशाला बोल लावतोस, जेक्शेन?" त्यांची बहीण, म्हणजे कुबातची आई झूरा, म्हणायची. "बादलीच केवढी मोठी आहे ते बघ ना."

सगळे हसायचे. बुरूल मात्र एकदा चहा ओतता ओतता कुबातला हळूच म्हणाली, "रोजचं काय आहे आपलं? शाळा आणि दवाखाना. सगळा डांबरी रस्ता. ही पेट्रोल कमी पिते, वळणावर रस्ता सोडत नाही, बिघडली तर गावातच नीट होते. बर्फाचे दिवस किती आणि बाकीचे किती?"

"पाहुण्यांचं काय?" कुबात म्हणाला.

"पाहुणे रोज येतात का?"

"आपल्याकडे? येतात की."

यावर तिलाही हसू आलं. भांडण असं ते नव्हतंच. मित्रांनो, उंच गाडी वाईट असते असं मी म्हणत नाही. घाटातल्या घराला ती शोभते, सोयीचीही असते. माझं म्हणणं फक्त आमच्या अंगणात आलेल्या त्या एका गाडीबद्दल आहे.

पानगळीच्या दिवसांत मामांनी ती राजधानीच्या बाजारातून आणली. समुद्रापलीकडून आलेली, पांढरीशुभ्र, चकचकीत. "माझ्या भाच्यासाठी निवडून आणली," असं ते गल्लीभर सांगत आले. ती माझ्या शेजारी उभी राहिली, मामांनी तिची दारं उघडली, आणि मला वास आला. वरवर अत्तराचा होता. त्याच्या खाली मात्र ओल होती. तळाशी बसलेल्या पाण्याला येतो तसा जड वास. ती गाडी कधीतरी बुडालेली होती, सीटपर्यंत, आणि बरेच दिवस. गाड्या एकमेकींशी बोलत नाहीत, पण असल्या गोष्टी आम्हाला कळतात. माझ्या अंगावर काटा आला.

आमच्याकडे नवी वस्तू आली की बघायला येणाऱ्याने "कुत्तू बोल्सून" म्हणायचं असतं. म्हणजे भरभराटीची ठरो. त्या दिवशी वस्तूबद्दल वाईट शब्द काढायचा नाही. काढला तर तो वस्तूला चिकटतो, असं सगळे मानतात. मेंढी कापली गेली, रक्ताचं बोट चाकाला लागलं, बोर्सोक, म्हणजे कणकेचे गोळे, तळले गेले आणि अंगण माणसांनी भरलं.

आता मी काय पाहिलं ते ऐका. शेजारचा अशीरबाय सगळा जन्म ट्रकवर घालवलेला माणूस. त्याने पुढच्या दिव्याची काच बाहीने पुसली. धुकं गेलं नाही, कारण ते आतून होतं. तो क्षणभर वाकून बघत राहिला. मग सरळ होऊन म्हणाला, "कुत्तू बोल्सून, जेक्शेन. रंग झकास आहे."

झूरा अर्चा या सुवासिक झाडाची फांदी पेटवून धूर फिरवायला आली. "आलास, आलास" असं इडापिडा टाळायला म्हणत तिने आत डोकं घातलं आणि तिला ठसका लागला. तो धुराचा नव्हता. तिने नाक डोक्याच्या रुमालाला पुसलं, आणखी एक फांदी पेटवली आणि जास्तच वेळ धूर फिरवला.

कुबातने अदेमीला मागे बसवून पट्टा ओढला. पट्टा संपेपर्यंत ओढला, तेव्हा त्याच्या शेवटच्या भागावर मातकट रंगाची रेघ दिसली. त्याने अंगठ्याने ती घासून पाहिली. माझ्या काचेतून मला त्याचा चेहरा नीट दिसत होता. त्याला कळलं होतं. त्याने मामांकडे पाहिलं, मामा चार लोकांत छाती काढून उभे होते. कुबातने पट्टा सोडून दिला आणि तो सुर्रकन आत गेला.

मग बुरूल चहाचे पियाले घेऊन आली. तिने अदेमीला उतरवायला आत हात घातला आणि पायपुसणीचा कोपरा उचलला. ती वळली तेव्हा तिच्या बोटांना राखाडी गाळ होता.

"मामा," ती म्हणाली, "ही पाण्यात राहिलेली गाडी आहे."

अंगणातल्या सगळ्यांनी मामांकडे पाहिलं.

"समुद्र ओलांडून आली, सूनबाई," मामा हसून म्हणाले. "पाणी बघणारच की."

"बघितलेलं नाही मामा, आत गेलंय. खाली गाळ आहे, हे बघा. तारा सडलेल्या असतील. माझ्या मुलीला मी यात बसवणार नाही."

"बुरूल," झूरा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "चहा निवतोय."

"आपा," बुरूल सासूला म्हणाली, "तुम्हाला पण वास आला ना? तुम्ही खोकलात."

"मी म्हातारी आहे. मी रोज खोकते. जा, चहा ओत."

बुरूलने अशीरबायकडे पाहिलं. तो बोर्सोक निवडत बसला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "पाहुण्यांसमोर नको." तिचा पियाला तसाच हातात राहिला. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर झूराने पुन्हा अर्चा पेटवली. या वेळी धूर गाडीभोवती फिरवला नाही, बुरूलने उभं राहून शब्द काढले होते त्या जागेभोवती फिरवला.

त्यानंतर बुरूल रोज काहीतरी निमित्त काढून अदेमीला माझ्यातच न्यायची. शाळा वाटेवर आहे, मुलीला उंच गाडीत मळमळतं, आज लवकर निघायचंय. कुबात तिला अडवत नसे. मला तर वाटतं, त्याला ते बरंच वाटत असावं. उंच गाडी तो एकटाच न्यायचा आणि घरी आला की जरा जास्तच मोठ्याने तिचं कौतुक करायचा.

थंडी वाढली तसं त्या गाडीचं दुखणं बाहेर येऊ लागलं. कधी काच खाली जाईना, कधी आतले दिवे आपोआप लागत. सकाळी बॅटरी मेलेली असे. सडक्या तारा ती रात्रभर पिऊन टाकत होत्या. कुबात बॉनेट उघडून उभा राहायचा आणि बंद करायचा. माझ्या मनात पाल चुकचुकत होती.

एके दिवशी बुरूल दवाखान्यात मुक्कामाला होती, सोबतिणीच्या गाडीने गेली होती. सकाळी उंच गाडी पुन्हा बंद. कुबातला कामाला उशीर होत होता, अदेमी दप्तर घेऊन दारात उभी. मला किल्ली लावली असती तर मी एका झटक्यात सुरू झाले असते. पण मामा मुक्कामाला होते आणि खिडकीतून बघत होते. कुबातने माझं बॉनेट उघडलं, माझी बॅटरी काढली आणि उंच गाडीत बसवली. ती सुरू झाली. त्याने मुलीला मागे बसवलं आणि तो मातकट पट्टा लावला. मित्रांनो, माझा भोंगासुद्धा वाजू शकत नव्हता.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. गावाखालच्या उतारावर गाडीतलं सगळं एकदम विझलं. इंजीन गेलं, स्टिअरिंगचं चाक हातात दगडासारखं जड झालं, ब्रेक एकदोनदा लागला आणि मग लागेना. एका बाजूला नदी होती. कुबातने सगळा जोर लावून गाडी डोंगराच्या बाजूला घातली. त्याचा पाय मांडीत मोडला. अदेमीचा खांदा त्या पट्ट्याने मोडला आणि त्याच पट्ट्याने तिचा जीव वाचला.

गाव भेटायला आलं. आता तरी कुणी बोलेल असं मला वाटलं होतं. बोलले तर खरे. अंगणात माझ्याच बॉनेटला टेकून बायका म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी तोंड उघडलं हो तिने. काळ्या जिभेची."

अशीरबाय म्हणाला, "चांगली गाडी होती. शब्द लागला."

आत झूरा सुनेला म्हणाली, "तुझं मी काही मनाला लावून घेत नाही, बाळ. पण यापुढे या घरात नवं काही आलं की तू मागच्या खोलीत बस." कुबात भिंतीला टेकून ऐकत होता. पट्ट्यावरची रेघ त्याने पाहिली होती. तो आईला म्हणाला, "आपा, उशी जरा वर करा."

बुरूल बाहेर येऊन माझ्यात बसली, दार लावून घेतलं आणि रडली. मला वाटलं ती रागाने रडते आहे. तसं नव्हतं. "मी बोलले नसते तर," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिला स्वतःलाच ते पटू लागलं होतं. त्या गाडीच्या वासाचीसुद्धा मला वाटली नव्हती, एवढी भीती त्या वाक्याची वाटली.

मामांनी गाडी नेली, ठोकून घेतली, पांढरा रंग दिला, नवं अत्तर टाकलं आणि गिऱ्हाईक दाखवायला आमच्याच अंगणात आणून उभी केली. माझी बॅटरी मला परत मिळाली. गिऱ्हाईक नारीनकडचा तरुण मेंढपाळ होता. बायको पोटुशी होती आणि मुलं आल्याबरोबर मागच्या सीटवर चढून उड्या मारू लागली. त्याने माझ्याकडेही एकदा पाहिलं. "ही विकणार का? रोजच्याला बरी दिसते," तो म्हणाला. मामा म्हणाले, "अरे, विहीर आहे ती."

बुरूल मागच्या खोलीत नव्हती. ती दारात उभी होती. पोटुशी बाई तिच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही वापरली आहे ना? कशी आहे हो?"

झूराने पाहिलं. मामांनी पाहिलं. बुरूलने त्या मुलांकडे पाहिलं, मग त्या बाईच्या पोटाकडे. मला माहीत आहे ती काय विचार करत होती. आपण शब्द काढला तर तो या लेकरांना लागेल. त्यांच्यावरच्या मायेपोटी तिने ओठ घट्ट मिटले, आणि मग अगदी मनापासून म्हणाली, "कुत्तू बोल्सून."

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि नारीनच्या वाटेला लागली. ती वाट घाटातून जाते.

मित्रांनो, मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. कुणी एखाद्या नव्या गोष्टीत खोट दाखवली तर त्याला गप्प करू नका. आधी पायपुसणी उचलून बघा. त्याला तुम्ही एकदा काळ्या जिभेचा म्हटलंत, की पुढच्या खेपेला तो खोट दिसत असूनही तुमच्या मुलांना हसून निरोप देईल.