लाट नसलेला 'न'

माझ्या कळफलकावरची एक कळ बाकीच्यांपेक्षा किंचित वर राहते. तिच्यावर डोक्यावर छोटी लाट असलेला 'न' आहे. बेगोन्याबाई ती जोरात दाबतात आणि पडद्यावर साधाच 'न' उमटतो.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. उरुग्वेतल्या पायसांदू गावी, बेगोन्याबाई चालवतात त्या गल्लीतल्या वाचनालयात राहतो. इथल्या भाषेत ती लाट गळली, की 'वर्ष' या शब्दाच्या जागी शरीराच्या अशा भागाचं नाव येतं, जे भिंतीवर लावता येत नाही. आणि वाचनालयाच्या साठाव्या वर्षाची पत्रकं तर उद्या लावायची होती.

माझ्यात लिहिण्याचे दोन प्रोग्रॅम आहेत. दोन्ही मोकळे: कुणीही उघडून वाचावेत, बदलावेत, वाटावेत. एक बाईंचा भाचा आरिओस्तो सांभाळतो, दुसरा शेजारचा वायरमन वॉशिंग्टन. "फुकट देतात म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार," असं पुटपुटत बाईंनी दोन्ही ठेवून घेतले. कोणता काढायचा, हे मात्र त्या सारखं पुढे ढकलत राहिल्या.

संशय मलाही होता, पण वेगळा. दोन्ही मी आतून वाचलेत. मुळात ते एकच. दोघांचं बिनसलं आणि वॉशिंग्टननं प्रत उचलून वेगळी चूल मांडली. लाट गळण्याची खोडही तिच्याबरोबर गेली. मग नवं घड्याळ, नवे रंग, सगळं दोनदा झालं. लाटेला कुणी हात लावला नाही. तिच्यात मिरवण्यासारखं काय होतं? यांना वाचनालयाचं भलं हवंय, की एकमेकांवर कुरघोडी?

आज बाईंनी दोघांपुढे पत्रक धरलं. दोघं फस्सकन हसले.

"आत्या, हे त्याच्यातून छापलंस ना?"

"नाही रे, तुझ्यातून."

"बघा!" वॉशिंग्टन म्हणाला.

"तू दात काढू नकोस. हे दुसरं पत्रक तुझ्यातलं. तेच! साठ..." बाईंनी पुढचा शब्द गिळला.

"माझ्यात घड्याळ आहे, बाई."

"घड्याळ भिंतीवर आहे की!"

इथे कडू येर्बा चहा सगळे एकाच पेल्यातून, एकाच नळीनं पितात. आरिओस्तोनं पेला भरला आणि वॉशिंग्टनकडे न देता स्वतःच ओढू लागला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना नवा साज नको असतो. जे बिघडलंय तेवढं कुणीतरी बघावं.

बाईंनी पेला काढून घेतला, पुन्हा भरला आणि वॉशिंग्टनच्या हातात दिला.

"आजपासून एकच. कुणाचा ते तुम्ही भांडून ठरवा, पण उद्या. आत्ता खुर्चीला खुर्ची लावा आणि आधी माझी लाट आणा."