मेहुण्याच्या वजनावर चाललेलं घड्याळ

सोमवारी सकाळी घड्याळवाल्याच्या कंबरेत उसण भरली, आणि सोमवार हा नेमका मनोऱ्यावरच्या घड्याळाला चावी देण्याचा दिवस. चावी द्यायची म्हणजे माणसाएवढं जड लोखंडी वजन हँडल फिरवून तळापासून माथ्यापर्यंत चढवायचं. मग ते आठवडाभर इंचाइंचानं उतरणार आणि उतरता उतरता काटे फिरवणार. आत्ता ते जमिनीपासून हातभरच वर होतं. तेवीस वर्षांत घड्याळ एकदाही थांबलं नव्हतं. घड्याळवाला अगदी रडकुंडीला आला.

त्याची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. ती म्हणाली, "दादाला बोलावते."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, बेकरीवाला. स्वतःच्या दुकानाच्या दारातून तो तिरका होऊन बाहेर पडायचा. बहिणीसाठी पावांची पिशवी घेऊन आला आणि आल्याआल्याच म्हणाला, "हँडल मी फिरवणार नाही. खांदा दुखतो."

"तू फक्त जिना चढ आणि फळीवर बसून खाली ये," बहीण म्हणाली. तिनं वजनाला दुसरा दोर बांधून तो वरच्या कप्पीवरून घेतला होता आणि त्याच्या टोकाला फळी अडकवली होती. "तू खाली येशील तसं वजन वर जाईल. सकाळी जे हादडलंयस, ते आज घड्याळाच्या कामी येऊ दे."

एकशे चाळीस पायऱ्या दादा घड्याळवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चढला. वर धापा टाकत फळीवर बसला आणि डोळे मिटून त्यानं स्वतःला सोडून दिलं. वजन वर सरकू लागलं. एरवी घाम काढणारं हँडल, कंबर धरत कसाबसा वर आलेल्या घड्याळवाल्यानं दोन बोटांनी फिरवलं.

पण निम्म्यावर कप्पी करकरली आणि दादा लोंबकळत राहिला.

"काय झालं गं?"

"कप्पी कोरडी आहे. थोडंसं वजन कमी पडतंय," जिन्याच्या मधल्या खिडकीतून बहीण म्हणाली आणि तिनं पावांची पिशवी पुढे केली. "ही धर. खाऊ नकोस, नुसती धर. पाव हातात असला काय नि पोटात असला काय, वजन तेवढंच."

"मग पोटातच बरा," दादा म्हणाला.

पिशवी घेऊन तो खाऊ लागला, आणि दुसरा पाव काढताना बसलेल्या हिसक्यानं फळी हलली. तो खाली टेकला तेव्हा तोंड भरलेलं होतं.

"दादा, मी सांगेपर्यंत उठू नका हं!" घड्याळवाला वरून ओरडला. वजन वरच धरून ठेवणारी अडकण खट्कन बसली. "हं, उठा आता!"

तेवढ्यात अकराचे ठोके पडले. दादानं ते सगळे बोटांवर मोजले.

"हे माझे ना गं?"

"तुझेच."

आठवडाभर तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ठोके ऐकवत होता. घड्याळवाल्याच्या मनाला ते जरा लागलंच. पुढच्या सोमवारी कंबर ठणठणीत बरी होऊन तो मनोऱ्यापाशी पोचला, तर दारात मेहुणा आधीच हजर होता. काखेत फळीवर टाकायला उशी.

"भावोजी, तुम्ही बसा," तो म्हणाला. "मी भरपेट खाऊन आलोय."