साहेबाच्या घोड्याचा भारा

हे तुम्हाला पटणार नाही. माझी सून सुषमा, तिला लग्न होऊन आल्यापासून पटलेलं नाही, आणि तिच्या माहेरी तलासरीला तर मला थापाड्याच म्हणतात. तरी ऐका. परवा ओट्यावर नात निलम वालाच्या शेंगा सोलत बसली होती, तिला सांगितलं तेच सांगतो.

इंग्रजांचं राज्य होतं. आमच्या गंजाडकडचं गवत सावकार आम्हां वारल्यांकडून कापून घ्यायचा, ते मुंबईला साहेबांच्या घोड्यांना जायचं आणि आमच्या वाट्याला मार यायचा. एका साली सगळे पाडे म्हणाले, आता कापणार नाही. अख्ख्या डोंगरपट्टीत कुणी एक काडी कापली नाही. कोयते कुडाला टांगून राहिले. पहिला 'नाही' म्हणाला तो माझा बाप, हाल्या. त्याला बांधून आणायचा हुकूम सुटला. मी तेव्हा आईच्या पोटात.

पोलीस पाड्यात शिरले तेव्हा बापाला पळायला वाट उरली नव्हती. आईनं त्याला गवताच्या भाऱ्यात घातलं आणि वरून दोर आवळला. घोड्यावरचा गोरा साहेब म्हणाला, हा भारा माझ्या घोड्याला घ्या. पण उचलणार कोण? फुकटची वेठ तर आम्ही बंद केलेली. शेवटी दोन शिपायांनीच तो बांबूला अडकवून खांद्यावर घेतला.

"केवढा जड आहे रे," पुढचा म्हणाला.

"सरकारी आहे," मागचा म्हणाला.

बाजूनं घोडा चाललेला, उपाशी. वर साहेब डुलक्या घेतोय. घोड्यानं एकेक घास ओढायला सुरुवात केली. ओढा येईपर्यंत बापाच्या टाचा उघड्या पडल्या. घोडा त्या चाटायला लागला. बापानं तोंडात गवत कोंबून हसू दाबलं. शिपाई भारा टेकवून पाणी प्यायला वाकले, तसा बाप सरपटत बाहेर पडला आणि करवंदीच्या जाळीत शिरला. घोड्यानं पाहिलं, पण काही बोलला नाही. शिपायांनी भारा उचलला आणि हलका लागतोय म्हणून खूश झाले.

निलमचे हात थांबले.

"आजा, त्या साली कुणी एक काडी कापली नाही ना?"

"नाहीच. त्यावर माझी शपथ."

"मग तुझ्या आईनं भारा कशाचा बांधला? तिनं संप मोडला, का तू थाप मारलीस?"