पाणी दिलं

मित्रांनो, अंगठ्याच्या नखाएवढा पोलादाचा तुकडा स्वतःची हकीकत सांगू लागला तर कोण ऐकणार, हे मला ठाऊक आहे. तरी सांगतो. मी जुना झालो आहे, एका बाजूने गंजू लागलो आहे आणि बॅकेलाइट नावाच्या काळ्या प्लास्टिकच्या वडीत गळ्यापर्यंत रुतलेला आहे. फक्त चेहरा उघडा आहे, आणि त्यावर केसाएवढा एक तडा आहे. पाठीवर पांढऱ्या रंगाने '१७' लिहिलं आहे. मुळशी तालुक्यात, पिरंगुटच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत, खालून दुसऱ्या खणात माझा मुक्काम असतो.

माझा जन्म मात्र इथला नाही. जर्मनीतल्या एका पोलाद कारखान्यात मी वितळलो, ओतला गेलो, आणि लालबुंद असतानाच फिरत्या पोलादी रुळांमधून पिळून निघून लांब गज झालो. त्या रुळांमध्ये माझ्या अंगावर एक बारीक घडी पडली. पुढच्या रुळाने ती दाबून टाकली. वरून काही दिसेना. तपासणाऱ्यांनी शंभरातले पाच गज तपासले. मी उरलेल्या पंच्याण्णवांत होतो. 'तपासले' हा शिक्का मात्र शंभरांवर बसला.

जहाजाने आणि मग ट्रकने मी पिरंगुटला आलो. इथे आम्हाला तापवून, ठोकून ट्रॅक्टरच्या चाकांचे आस घडवले गेले. शेवटचं काम भट्टीवरच्या भिकू गोळे यांचं. आस पुन्हा लाल करायचा आणि एकदम थंड करून कडक करायचा. भट्टीशेजारी दोन टाक्या होत्या, एक तेलाची, एक पाण्याची. आमच्या जातीच्या पोलादाला तेलच मानवतं; पाण्यात टाकलं तर ते तडकतं. भिकू गोळ्यांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. बावीस वर्षं ते त्या भट्टीपुढे उभे होते. तापमानाचे आकडे दाखवणारी पाटी भिंतीवर होती, तरी ते आमचा रंग बघत, मनाशी काहीतरी मोजत आणि मगच आम्हाला सोडत. आम्हाला त्यांनी तेलात सोडलं. तेलात. मी स्वतः बुडालो आहे, मला विचारा.

पण मला कुणी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बासष्ट आस गिऱ्हाइकाकडून परत आले. सगळ्यांना तडे. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकाची माणसं चौकशीला यायची होती. कारखान्याचे प्रमुख विश्रामसर प्रयोगशाळेत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मेधा, उद्या दहाला मला कारण पाहिजे. एक कारण. तीन नकोत."

मेधा म्हणजे आमच्या धातुतज्ज्ञ मॅडम. जळगावात वाढलेल्या, पुण्यात शिकलेल्या, बावधनच्या फ्लॅटमधून स्कूटरने येणाऱ्या. हुशार होत्या, कामसू होत्या. त्यांनी एका आसाच्या कडेचा तुकडा कापून घेतला, तो मी. मला वडीत बसवलं, आरशासारखं घासलं. यानंतर चेहऱ्यावर आम्लाचा हात फिरवायचा असतो, म्हणजे पोलादाची आतली वीण उघडी पडते. ते राहिलं. तडा तर नुसताच दिसत होता. त्याचा फोटो काढून मॅडमनी भिकू गोळ्यांना बोलावलं.

"भिकूमामा, त्या दिवशी नेमकं काय केलंत?"

"काय करनार म्याडम? रोजचंच. लाल झालं, भाईर काढलं, पानी दिलं."

"पाणी दिलं? नक्की?"

"आता पानी दिल्याबिगार कडक हुईल का त्ये?" मामा हसले. "बावीस वरसं देतोय."

मॅडमच्या चेहऱ्यावर सुटकेची कळा आली. त्यांनी इंग्रजीत लिहिलं, 'आस तेलाऐवजी पाण्यात बुडवल्याचे कामगार मान्य करतो.' कागद पुढे सरकवला.

"काय लिवलंय?" मामांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलं तेच."

"मंग बरं." त्यांनी खाली ठळक मराठीत सही केली. त्यांचं अक्षर चांगलं होतं.

आठवड्याभरात मामांना राजीनामा द्यायला लावला. पिरंगुट फार मोठं नाही. दुसऱ्या दोन कारखान्यांत ते भट्टीचं काम मागायला गेले, तर त्यांच्या आधी बातमी पोचलेली. बसथांब्यावर जुने सोबती ओरडायचे, "ए पानीवाल्या, आज टँकर कुटं लावलाय?" थट्टाच होती ती. पण त्यानंतर मामांनी त्या थांब्यावर उभं राहणं सोडलं. शेवटी भूगावच्या एका उंच इमारतींच्या वसाहतीत ते फाटकावर पहारेकरी म्हणून लागले.

आठ महिने गेले. ज्यांनी आमचे गज पाठवले होते, त्या जर्मन कारखान्याचं निमंत्रण आलं. पिरंगुटच्या कारखान्याशी त्यांना पुढे मोठा करार करायचा होता. दोन आठवडे, दोन विद्यापीठांच्या प्रयोगशाळा आणि शेवटी त्यांचा स्वतःचा कारखाना बघायचा. मेधा मॅडमची निवड झाली. विद्यापीठात त्यांना छोटं भाषण द्यायचं होतं. विषय त्यांनीच ठरवला, 'कामगाराच्या एका चुकीची किंमत.' पुरावा म्हणून मला रुमालात गुंडाळून पर्समध्ये घेतलं.

परदेश मी पाहिला तो असा, पर्सच्या चेनच्या फटीतून. पहिल्या विद्यापीठात मॅडमनी वहीची चाळीस पानं भरली. कुठलं यंत्र कसं ठेवलंय, नमुन्यांच्या डब्यांवर तारीख कुठे लिहितात, जमीन किती वेळा पुसतात, सगळं. दुसऱ्या विद्यापीठात एक वयस्कर बाई प्रयोगशाळा सांभाळत होत्या. भाषणाच्या आधी त्या म्हणाल्या, "बघू तुमचा तडा." मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि लगेच डोकं वर केलं.

"याला आम्ल लावलेलं नाही."

"वेळ नव्हता," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी कापसाने आम्ल लावलं, पंधरा सेकंदांनी धुतलं, वाळवलं आणि पुन्हा पाहिलं. मग खुर्ची सोडून म्हणाल्या, "बसा. तुम्हीच बघा."

तड्याच्या दोन्ही काठांना पांढरी किनार होती. मित्रांनो, पोलादात कर्ब, म्हणजे कार्बन असतो. ते उघड्या हवेत फार तापलं की पृष्ठभागावरचा कर्ब जळून जातो आणि तिथलं पोलाद पांढरं दिसतं. थंड होताना पडलेल्या तड्याला अशी किनार येऊच शकत नाही, कारण त्यानंतर तेवढं तापणं नसतं. म्हणजे तडा भट्टीत जायच्या आधीचा होता. रुळात पडलेली माझी घडीच ती.

"हा गजाचा दोष आहे," बाई म्हणाल्या. "पाण्यात बुडवला असं कोण म्हणालं?"

"तो कामगार स्वतःच म्हणाला."

"काय म्हणाला? त्याचे शब्द काय होते?"

ते दोन शब्द मॅडमनी मराठीतच उच्चारले, "पाणी दिलं."

पलीकडच्या टेबलावर पियूष नावाचा संशोधक बसला होता, कराडकडचा. तो मान वर करून हसला. "काय मॅडम, इतक्या लांब येऊन पाणी दिलं? आमच्या गावचा लोहार कोयत्याला पाणी द्यायचा. कडक करायचं म्हणजे पाणी द्यायचं. मग तेलात बुडवा नाहीतर कशातही, म्हणायचं पाणीच दिलं." मॅडमचा चेहरा पाहून त्याचं हसू ओसरलं. "का हो? काय झालं?"

मॅडमनी त्या दिवशी भाषण दिलं नाही. घसा बसल्याचं सांगितलं.

संध्याकाळी त्यांनी विश्रामसरांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"मेधा, तू तिकडे शिकायला गेलीस की पंचनामा करायला?"

"सर, भिकूमामांची काही चूक नव्हती. चूक माझी आहे. आणि गजाची."

"परवा तू त्यांच्या कारखान्यात जाणार. त्यांच्या पैशाने गेलीयस, त्यांचं जेवतेयस. तिथेच उभी राहून म्हणणार, तुमचा माल खराब? करार होईल का मग? आणि रिपोर्टवर सही कुणाची आहे? माझी नाहीये."

"पण सर..."

"इकडे ये. बघू आपण."

दोन दिवसांनी आम्ही माझ्या जन्मगावी गेलो. त्याच रुळांवर लाल गज धावत होते. यजमानांनी मॅडमना शिरस्त्राण दिलं, गजांची तपासणी दाखवली आणि विचारलं, "आमच्या मालाबद्दल काही सूचना?" मॅडमचा हात पर्सवर गेला. चेन दोन बोटं उघडली. मला वरचे दिवे दिसले. मग चेन बंद झाली.

"सगळं उत्तम आहे," मॅडम म्हणाल्या.

तो क्षण मी कितीदा आठवला असेन. तिथे तोंड उघडलं असतं, तर मामांना भट्टी परत मिळाली असती की नाही, मला सांगता येत नाही. पण बसथांब्यावर तरी उभं राहता आलं असतं.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मॅडम पिरंगुटमागच्या वाडीत मामांच्या घरी गेल्या. मामांनी खुर्ची पुसून दिली. मॅडमनी मला काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. पाणी दिलंचा अर्थ, पांढरी किनार, स्वतःची चूक. मामा ऐकत राहिले. त्यांची बायको चंद्राबाई दारातच उभी होती.

"तेलाची टाकी काय डोळ्याला दिसत न्हवती का बाई?" ती म्हणाली. "समजलं न्हाई तर इचारायचं हुतं. त्येला तोंड हुतं की."

"तू गप ग," मामा म्हणाले.

"मी गपच हाय आठ-नऊ म्हयनं. लेकीच्या सासरी इचारत्यात, तुजा बाप काय बाटली पिऊन कामाला जायचा का. त्येंचं तोंड कसं धरू?"

मॅडम खाली बघत म्हणाल्या, "मामा, मी काय करू सांगा."

मामांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "नोकरी नगं आता. वय झालं. येक कागद द्या. मराठीत. भिकूनं तेलातच पानी दिलं, तडा आधीचा हुता. बास. कंपनीचा शिक्का मारून. त्यो मी लेकीच्या घरी दावीन, आन् थांब्यावर बी."

"देते," मॅडम म्हणाल्या. "महिन्याभरात देते."

महिन्याभरात बरंच काही झालं. परदेश दौऱ्याचा बत्तीस पानी अहवाल तयार झाला. पहिल्या खर्ड्यात माझ्यावर एक पान होतं. विश्रामसरांनी त्यावर लाल रेघ ओढली. "गिऱ्हाइकाने तक्रार बंद केलीय. बंद दार तू उघडायचं म्हणतेस? आपण खोटं कारण दिलं असं लेखी द्यायचं?" दुसऱ्या खर्ड्यात ते पान अर्धं झालं. तिसऱ्यात त्या जागी एक वाक्य उरलं, 'कामगारांच्या प्रशिक्षणाकडे अधिक लक्ष द्यावे.' करार झाला. मॅडमना प्रयोगशाळेचं प्रमुखपद मिळालं. टाळ्या वाजल्या, त्या मी खणातून ऐकल्या.

कागदाचं मात्र त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी चार वेळा मजकूर लिहिला आणि चारही वेळा तो वरून बदलून आला. पाचवा मजकूर मंजूर झाला, शिक्का बसला. मला पर्समध्ये टाकून त्या भूगावला गेल्या. मलाही मामांनाच देऊन टाकावं असं बहुधा त्यांच्या मनात होतं.

फाटकावर मामा गणवेशात बसले होते. नियमाप्रमाणे त्यांनी वही पुढे केली. "नाव लिवा म्याडम. कुनाकडं आलाय?"

"तुमच्याकडेच." मॅडमनी कागद दिला. "मराठीत आहे. शिक्काही आहे."

मामांनी गणवेशाच्या खिशातून चष्मा काढला. बोट फिरवत, शब्द जोडत ते मोठ्याने वाचू लागले. "श्री. भिकू गणपत गोळे यांनी आमच्या कारखान्यात बावीस वर्षे सेवा केली. त्यांची वर्तणूक चांगली होती. त्यांना पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा." बोट शिक्क्याशी थांबलं. त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती. मग पुन्हा पुढची बाजू पाहिली.

"म्याडम, ह्यात तेल कुटं हाय?"

"मामा, तेवढं नाही लिहिता आलं."

मागे एका मोटारीने भोंगा वाजवला. मामांनी कागदाची नीट घडी केली, मॅडमच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "मंग ह्यो तुमास्नीच ऱ्हाऊ द्या." ते उठले आणि दांडा वर करायला गेले. मोटार आत गेली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

मला पर्समधून काढलंच नाही. त्याच दिवशी मी पुन्हा खणात आलो. तेव्हापासून मॅडमनी तो खण उघडलेला नाही.

मित्रांनो, मुळशीची हवा ओली आहे. ज्या डबीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवून मला बंद करायला हवं होतं, तिचं झाकण हरवलं आहे. गंज कडेने आत सरकतो आहे. अजून ती पांढरी किनार शाबूत आहे; आणखी एक-दोन पावसाळे ती टिकेल. भिकू गोळ्यांनी आम्हाला तेलात सोडलं, हे शिक्क्यानिशी कुठेच लिहिलेलं नाही. तडा आधीचा होता, एवढं मात्र माझ्या चेहऱ्यावर आहे, आणि ते वाचायला कापूस, दोन थेंब आम्ल आणि पंधरा सेकंद पुरतात. तुमच्यापैकी कुणी कधी अशा प्रयोगशाळेत कामाला लागलं, तर खालचे खण उघडून बघा. मला पुसा. कोरडं ठेवा. आणि समोरच्या माणसाच्या तोंडचा शब्द कागदावर उतरवण्याआधी त्याला एकदा विचारा, "म्हणजे काय, मामा?"

मला तेवढा एकच प्रश्न ऐकायचा होता. तो त्या दिवशी कुणी विचारला नाही.