‘न्हाई’ शिकलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. जुना म्हणजे तीन वर्षांचा. तुमच्यात तीन वर्षांच्या पोराला उलटी-सुलटी चप्पल कळत नाही, पण आमच्या यंत्रांच्या जातीत तीन वर्षांचा म्हणजे पार काठी टेकलेला. माझ्या अंगावर मूळचं म्हणावं असं आता एक झाकण आणि दोन स्क्रू उरलेत. बाकी सगळं बदललं. तरी मी मीच आहे, असं मला वाटतं. खात्री नाही.

माझा जन्म शहरात, थंडगार हवेच्या खोलीत झाला. चार इंजिनिअर ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी बोलणारा डबा बनवत होते. त्यांच्यापैकी कुणीच अशा माणसाला भेटलेलं नव्हतं, म्हणून ते आळीपाळीनं न बोलण्याचं सोंग घेऊन माझी परीक्षा पाहत. एकाला ते पाच मिनिटंही जमलं नाही. त्याला मॅचचा स्कोअर विचारायचा होता आणि माझ्यात तसं बटण नव्हतं. सूचना मोलाची होती, पण कुणी लिहून घेतली नाही.

माझ्यात चार बटणं होती: पाणी, भूक, दुखतंय आणि धन्यवाद.

त्या चौघांतली मनिषा मॅडम मला घेऊन चकलांबा नावाच्या खेड्यात आली. श्रावण चालू होता. तिथं असारामच्या घरी, दाराशी टाकलेल्या बाजेवर, त्याची बारा वर्षांची लेक शिवकन्या पडलेली असायची. तिचे हात तिचं ऐकत नव्हते आणि जीभही. डोकं मात्र ऐकत होतं, नको तेवढं. तिचं खाणं-पिणं, न्हाणं, कूस बदलणं सगळं तिची भिवराआत्या करी. ‘हो’ म्हणायचं असलं की शिवकन्या डोळे वर नेई. नको असलं की ‘च्च’ करी. आणि कुणाला बोलवायचं असलं की डाव्या टाचेनं बाजेचा पाय ठोकी.

पहिल्याच दिवशी मॅडमनं पाण्याचं बटण दाबून दाखवलं. मी माझ्या गोड, इस्त्री केलेल्या आवाजात म्हणालो, “मला तहान लागली आहे. कृपया पाणी द्यावे.”

असाराम झटकन उठला आणि डोक्यावर टोपी घालून बाहेर बघू लागला. “कोन बाई आल्या म्हणायच्या?”

आत्यानं तांब्या भरून आणला आणि माझ्यापुढं ठेवला. पाहुणा मी होतो. मग नवी वस्तू घरात आली म्हणून तिनं मला हळदीकुंकू लावलं. जिथून आवाज येतो ती जाळी तिला माझं कपाळ वाटली. मित्रांनो, कुंकू आत गेलं आणि माझा घसा जो बसला तो बसलाच. मॅडमनं पुन्हा बटण दाबलं तेव्हा “कृपया” म्हणताना मी गुऱ्हाळावरच्या म्हाताऱ्यासारखा खरखरलो. शिवकन्या इतकी हसली की बाज हलली. माझ्या कामाला मिळालेली ती पहिली दाद.

महिन्याभरानं मॅडम परत आली तेव्हा माझ्या पोटातल्या मोजणीत, ती गेल्यापासून बटण दाबल्याची संख्या शून्य होती. तिनं वहीत लिहिलं, ‘वापरात रस नाही.’

“काय लिवलं?” आत्यानं विचारलं. मॅडमनं वाचून दाखवलं.

आत्या भाकरी थापता थापता थांबली. “बाई, ती तहानली की मला कळतं. भूक लागली की कळतं. दुखलं तर तिच्या आदी मला दुखतं. त्याला डबा कावून? मला जे न्हाई कळत, ते सांगनारा डबा आना की.”

मॅडमनं वहीतली ती ओळ खोडली. मग वही मिटली. मग बाजेजवळ खाली बसली आणि पहिल्यांदाच जिच्यासाठी मी बनलो होतो तिला विचारलं, “शिवकन्या, तुला कोणते शब्द पाहिजेत?”

दोन दुपारी गेल्या. आत्या एकेक शब्द सुचवी आणि पोर ‘च्च’ करी. देवाचं नाव? च्च. आई? च्च. पंखा? च्च. शेवटी आत्या वैतागली. “मंग काय न्हाईच म्हनायचंय का समद्याला?”

डोळे वर गेले आणि वरच राहिले.

असा माझ्यात ‘न्हाई’ आला. ‘च्च’ खोलीतल्या खोलीत विरायचं, ‘न्हाई’ गल्लीपर्यंत जाणार होता. मग ‘कावून?’, म्हणजे ‘का?’, आला. मग ‘थांब, माझं व्हायचंय’. आणि चौथा शब्द सापडल्यावर आत्यानं पदर तोंडाला लावला.

“अगं, ‘गप बे’ काय? पोरीच्या जातीनं कुनाला ‘बे’ म्हनायचं असतं व्हय?”

डोळे वर.

जुने चारही शब्द पुसले गेले, ‘धन्यवाद’ सगळ्यांत आधी. चकलांब्यात घरच्या पाण्याला धन्यवाद म्हटलं तर माणसं आजारी आहे का विचारतात.

बटणाचं काम उमापूरच्या बंकटनं केलं. तो लग्नातले भोंगे दुरुस्त करतो. आत्यानं त्याला डावी टाच दाखवली, “येवढी येकच तिचं ऐकती.” बंकटनं ट्रॅक्टरच्या हॉर्नचं जाडजूड बटण आणून जुन्या चपलेच्या तळव्यात बसवलं. उमापुरातला एक ट्रॅक्टर तेव्हापासून मुका आहे. आता मी एकेक शब्द हळू पुटपुटतो. हवा तो आला की शिवकन्या टाच दाबते आणि मी तो मोठ्यानं बोलतो. चार शब्दांची फेरी पुरी व्हायला तेव्हा पाऊण मिनिट लागे. आवाज शेजारच्या मंजुळाचा घेतला, ती शिवकन्येच्याच वयाची. आवाज अंगणात भरला, म्हणून ‘कावून?’च्या मागं घरची शेळी ओरडते. ती काढू का, असं मॅडमनं विचारलं. शिवकन्येनं टाच दाबली: “न्हाई.” माझ्या आयुष्यातला तो पहिला खरा शब्द, आणि तो एका शेळीच्या बाजूनं होता.

पण तिला तो शब्द शेळीसाठी नको होता. ते दसऱ्यानंतर कळलं.

असाराम आणि विमलबाई, शिवकन्येची आई, दरवर्षी ऊसतोडीला जातात. तोवर लेकीला आणि आत्यालाही सोबत नेत. सहा महिने कारखान्याच्या माळावर, कोपीत, म्हणजे तात्पुरत्या खोपटात. गाडी दारात आली की शिवकन्या टाच अशी आपटायची की बाजेचे सांधे बोलायचे. “पोरीला गाडीचा लई नाद,” सगळे म्हणत. गाडीच्या घरघरीत तिचं ‘च्च’ कुणाला ऐकू जात नसे. पाच वर्षं हाच कौतुकाचा विषय होता. आत्याच सांगायची, “बगा, कशी खूश झालीया!” आणि माणसांत आधी तिलाच उचलून गाडीत ठेवायचे.

त्या वर्षीही गाडी आली. भांडी चढली, शेळी चढली. टाच आपटू लागली. असाराम हसत पुढं झाला. पण टाचेखाली आता मी होतो.

“न्हाई,” मी म्हणालो.

असाराम थबकला. “बिघडलं जनू.” त्यानं मला दोन थापा मारल्या. बिघडलेल्या वस्तूला आपल्याकडं हेच पहिलं औषध.

“न्हाई.”

गाडीवाल्यानं हॉर्न दिला. “उरका बे! डब्याशी काय बोलत बसलात?”

“थांब, माझं व्हायचंय,” मी म्हणालो. मित्रांनो, सबंध गाडी थांबली. एका टाचेनं! मी नुसता डबा, पण माझ्या तारांवर काटा आला.

आत्या मटकन बाजेवर बसली. “पाच वरसं... तू न्हाई म्हनत होतीस?”

डोळे वर.

“मंग मी कावून न्हाई इचारलं गं तुला?”

मला वाटतं, त्या घरात ‘जायचं का?’ हे कुणालाच कधी विचारलं गेलं नव्हतं. असारामलाही नाही.

आत्या विचारू लागली. कोपीत धूर लागतो? च्च. थंडी? च्च. उंदीर? च्च, जरा विचार करून. आत्याची नजर फिरत फिरत उंबऱ्यावर गेली. बाहेर गल्लीत पोरं, म्हशी, पिठाच्या डब्याखाली वाकलेली बाई, सगळं चाललं होतं. कोपीला दार नसतं. पोत्याचा पडदा आणि डोळ्यांसमोर सहा महिने काळं प्लास्टिक.

“हे दार पायजे तुला?”

डोळे वर गेले आणि त्यांतून पाणी खाली आलं. पाणी, भूक, दुखतंय. चार शिकलेल्या माणसांना सुचलं नसतं: दार.

आत्यानं आपलं गाठोडं गाडीतून उतरवलं. शेळीपण उतरली, तिला कुणी सांगितलं नव्हतं. असाराम म्हणाला, “अक्का, पीठ घरात पुरंल ना?” हाच त्याचा होकार.

विमलबाई लेकीजवळ बसली. “मला सोडून राहशील का गं, माय?”

मी शब्द फिरवू लागलो. न्हाई... कावून... थांब... प्रत्येकाला मी भ्यालो. टाच बसली.

“गप बे.”

विमलबाई हसता हसता रडली, का रडता रडता हसली, ते मला सांगता येत नाही. आत्या मात्र नक्की हसत होती.

तेव्हापासून दर हंगामात तिघींचा, म्हणजे शिवकन्या, आत्या आणि शेळीचा, संसार चालतो. आता माझ्यात त्रेसष्ट शब्द आहेत. प्रत्येक शब्दाआधी मॅडम तिला विचारते. पाचवा ‘दार’ होता. असाराम माळावरून फोन करतो. पहिले दोन दिवस मी शब्द फिरवतोय तोवर फोन बंद पडला समजून तो ठेवून द्यायचा. आता कानाला लावून उभा राहतो. दोन मिनिटं, कधी चार मिनिटं, हातात कोयता घेऊन.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. माझे दोन स्क्रू जातील, झाकण जाईल, दुसरा डबा येईल. कुंकू लावायचंच तर बाजूला लावा, एवढंच. पण कुणासाठी काही बनवायला निघालात, तर आधी त्याच्या बाजेजवळ बसा. त्याचं करणाऱ्यांनाही विचारा, आणि मग त्यांनाही काय कळलं नाही ते शोधा. आणि विचारल्यावर उत्तर तुमच्या तोंडून देऊन मोकळे होऊ नका.

थांबा. तिचं व्हायचंय.