निखाऱ्यापाशी बसवलेला फोन

आचल सासरी पहिल्यांदाच रोडगे, म्हणजे निखाऱ्यावर भाजायचे कणकेचे जाड गोळे, करत होती. ‘माह्या बाबांसारखे रोडगे अकोल्यात कोणाले जमत नाहीत,’ असं तिनं आठवडाभर सगळ्या घराला ऐकवलं होतं. त्यामुळे परीक्षा अमरावतीत तिची होती, पण अब्रू अकोल्यात तिच्या बाबांची, किसनरावांची, टांगणीला लागली होती.

जावई कुलदीपनं अंगणात विटेला टेकवून फोन उभा केला आणि व्हिडिओ कॉल लावला. रोडगे उलटायचे कधी, गरम राखेत पुरायचे कधी, हे किसनराव बघून सांगणार होते. पाहुण्यांना नंतर दाखवायला म्हणून कुलदीपनं रेकॉर्डिंगही चालू केलं.

“राहू दे पोरी, आताच नको उलटवू,” किसनराव म्हणाले.

“बाबा, धूर निघून राहिला ना!”

“मले तर दिसत नाही.”

दिसणार कुठून? चित्र केव्हाचंच थिजलं होतं. आचलचा चिमटा हवेत तसाच होता.

“ईवाईबुवा, झोपले का तिकडं?” मागून विहीणबाई चतुराबाईंचा आवाज आला. किसनरावांचे कान तापले.

“मामाजी, फोनही तापला,” कुलदीप म्हणाला. “प्रोसेसरमंधी कामाच्या दोन टोळ्या असतात. बोलणं, निरोप, असलं हलकं काम लहान टोळी करते. व्हिडिओ न् रेकॉर्डिंगले मोठी लागते. अन् ते लई तापली का फोन आपणच तिले हळू करते.”

“मंग त्या मोठ्या टोळीले निखाऱ्यापाशी काहून बसवलं?”

“तुमाले नीट दिसावं म्हणून…”

“जवाईबापू, इंजिनिअर तुमी, रोडगे करायचे आमाले, न् भाजला फोन!”

गावजेवणाच्या पंगतीत कोणाला कढईवर ठेवायचं आणि कोणाला पाणी वाढायला पाठवायचं, हे किसनरावच ठरवत. दमलेल्या गड्यावर ओरडून काही होत नाही, त्याचं काम हलकं करावं लागतं.

“चित्र बंद करा, रेकॉर्डिंगही. फोन माठापाशी सावलीत ठेवा. त्याच्यामागं नुसतं बोलायचं काम राहू द्या. आचल, एक रोडगा तिथं घेऊन ये. चिमट्यानं वाजव.”

ठप्प.

“पोटात कच्चा हाये. सगळे उलटव, निखारे सार, न् राखेत पूर.”

थोड्या वेळानं तिनं दुसरा रोडगा आणून वाजवला. टक, टक. सुकलेल्या भोपळ्यावर टिचकी मारावी तसा पोकळ आवाज.

“काढ!”

पानं मांडेपर्यंत फोन थंड झाला. कुलदीपनं व्हिडिओ पुन्हा लावला. चतुराबाईंनी रोडगा फोडला, तूप सोडलं, वांग्याच्या भाजीशी घास घेतला. मग त्यांच्या तोंडून शब्द नाही की चेहऱ्यावर काही नाही. किसनराव फोनच्या आणखी जवळ सरकले.

“जवाईबापू, पुन्हा अडकलं का चित्र?”

“नाही मामाजी, चित्र चालू हाये. आईले बोलायले फुरसत नाही.”

तेवढ्यात चतुराबाईंनी आणखी एका रोडग्यासाठी रिकामं ताट आचलपुढे सरकवलं.