छपरावरचं नाव

रॉस डेलाहंटीने वॉरंबी गावच्या सभागृहाला पियानो भेट दिला, तेव्हा सभागृहाचं छप्पर गळत होतं आणि रंगमंचाखालच्या तुळया वाळवीने खाल्ल्या होत्या. दोन्ही गोष्टी रॉसला ठाऊक होत्या. नोएला स्ट्रिकने स्वतः त्याच्या दुकानात जाऊन सांगितल्या होत्या. ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रं विकून स्वतःचं छोटं विमान बाळगण्याइतका गब्बर झालेल्या रॉसने तिचं ऐकून घेतलं आणि हसून मान हलवली.

"छप्पर बघायला कोण येतं, नोएला? देणगी कशी डोळ्यांत भरली पाहिजे."

"पाणी भरलं डोळ्यांत की बघतील," नोएला म्हणाली आणि निघून आली.

शाळेपासूनची ओळख, त्यामुळे ती त्याला कधीच वचकली नव्हती. तिचं आयुष्य नवऱ्याच्या मटणाच्या दुकानात गल्ल्यावर गेलं. दुकान बंद केल्यावर तिने सभागृह अंगावर घेतलं. गायनवृंदाच्या तालमी, वर्षाचं नाटक, खुर्च्या, चहा सगळं ती आणि तिच्यासारखी चारदोन माणसं फुकटात ओढत होती. देणगीदार या प्राण्याबद्दल तिचं मत ठरलेलं होतं: त्याला कला नको असते, फीत कापायला कात्री हवी असते.

पियानो मेलबर्नहून ट्रकने आला. चांगला लांबलचक, काळाभोर, आरशासारखा. हमालांच्या मुकादमाने मंचावर चढून बुटाची टाच दाबली तशी फळी बिस्किटासारखी चुरली. "हा इथे ठेवला तर उद्या तळघरात सापडेल," तो म्हणाला, आणि पियानो दारातल्या दालनात सोडून माणसं निघून गेली. चहाची खिडकी त्याच्यामागे गेली. संडासाचं दार अर्धंच उघडू लागलं, त्यामुळे अंगाने भरलेल्या माणसांना तिरकं होऊन आत शिरावं लागे. पियानोवर पितळी पाटी होती, 'रॉस आणि जेनीन डेलाहंटी यांच्या औदार्याने'. एवढी मोठी की थडग्यावर शोभली असती.

गायनवृंदाच्या डल्सीने एक पट्टी दाबून बघितली. "सूर गोड आहे गं."

"असेल. संडासाच्या रांगेला एवढा गोड लागत नाही."

रॉसला मात्र पियानो दालनात राहिला याचं काही वाटलं नाही. उद्घाटन ठरलं होतं, ते होणारच होतं. शहरातून एक नावाजलेली वादक बोलावली. लोक सभागृहात रिकाम्या मंचाकडे तोंड करून बसले, आणि मागची दारं सताड उघडी ठेवली म्हणजे पियानो पाठीमागून ऐकू येईल.

गहू पेरून झाला होता आणि पाऊस आठवडेच्या आठवडे दडून बसला होता. तो नेमका त्या संध्याकाळी आला. नोएलाने खुर्च्यांच्या मधून बादल्या मांडल्या. वादक अगदी हळुवार काहीतरी वाजवू लागली आणि बादल्यांनी टण्ण टण्ण साथ धरली. तिने थांबून वाट पाहिली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. शेतकरी तल्लीन होऊन ऐकत होते, पण पियानो नाही, छपरावरचा पाऊस. इतके प्रसन्न चेहरे त्या सभागृहाने बऱ्याच काळात पाहिले नव्हते.

रॉस वाकून नोएलाजवळ आला. "त्या बादल्या काढ."

"काढते की. मग पाणी जेनीनच्या डोक्यावर पडेल. तिला विचारून ये."

मध्यंतरात तो मंचाजवळच्या, बाहेर उघडणाऱ्या दाराशी एकटाच उभा होता. नोएला कपबशांचा क्रेट घेऊन तिथूनच चालली होती.

"एवढं दिलं, आणि हसं माझंच झालं," तो म्हणाला. आवाज खरोखरच पडलेला होता. "मला वाटलं होतं मंचावर ठेवतील, दिवे लावतील."

क्षणभर तिला त्याची दया आली. मग पाटी आठवली आणि दया ओसरली.

"नाव दिसायला हवंय ना तुला? मग छपरावर लिही. हातहातभर उंच अक्षरं काढ. तुझं विमान उठता-बसता त्याच्यावरूनच जातं. तुला दिसेल, काकाकुव्यांना दिसेल, वर देव असलाच तर त्यालाही दिसेल."

हे तिने त्याचं तोंड बंद करायला म्हटलं होतं. रॉस मान वर करून पन्हळीतून सांडणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला.

"हातभर कसली," तो म्हणाला. "पुरुषभर उंच बसतील की."

नोएलाने क्रेट खाली ठेवला. माणूस थट्टा करत नव्हता. माणसाला थट्टा कळलीच नव्हती. तिने चटकन स्वतःला सावरलं.

"बसतील. पण तुळया सडलेल्या आहेत. मंच खाली बसला की भिंत कलते, आणि भिंत कलली की नाव वाकडं दिसतं."

"मग तुळयाही बदलू," रॉस म्हणाला.

हिवाळा संपायच्या आत नवे पत्रे चढले आणि त्यांवर पांढऱ्या रंगात DELAHUNTY असं नाव आलं. जेनीनच्या नावाला जागा पुरली नाही. ती महिनाभर नवऱ्याशी बोलली नाही म्हणतात. मंचाखाली नव्या तुळया बसल्या, पियानो वर गेला आणि दालनातल्या चहाच्या खिडकीला पुन्हा उजेड मिळाला.

वर्षाच्या नाटकाच्या रात्री आभार मानायचं काम समितीने नोएलाच्याच गळ्यात घातलं. ती पडद्यासमोर आली.

"रॉसने छप्पर दिलं," ती म्हणाली. "ते गळत नाही."

आणि ती आत गेली. लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. रॉस उठून उभा राहिला, अजून काही येईल म्हणून थोडा थांबला, मग बसला.

पहिला अंक संपल्यावर औषधांच्या दुकानाचे मालक विल्मॉट आणि त्यांची बायको नोएलाला गाठायला आले. आता अजून काय करायचं राहिलंय, असं त्यांनी विचारलं. पाटीचं नाव त्यांनी काढलं नाही, पण बाईंची नजर भिंतीवरून फिरत होती.

"विजेच्या तारा," नोएला म्हणाली. "सगळ्या जुन्या झाल्यात."

"तारा भिंतीच्या आत असतात," मिसेस विल्मॉट जरा हिरमुसून म्हणाल्या.

"असतात. पण बटणांची पेटी बाहेर आहे, तिच्यावर नाव घाला. दिवे गेले की सगळं गाव आधी तुमचंच नाव घेईल."

हे बोलताना तिला स्वतःचा थोडा राग आला, कारण आता हे तिला सहज जमू लागलं होतं. विल्मॉट नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. कल्पना त्यांना पटत होती. नोएला त्यांना तशीच विचारात सोडून दुसऱ्या अंकासाठी लोकांना आत हाकायला गेली.